शाळेचं स्थळ

ग्वाल्हेरातल्या मराठी घरांची लग्नं मी जुळवते. कोणाचा मुलगा पुण्यातला पगार फुगवून सांगतो, कोणाच्या मुलीचं आधीच कुठे जमलेलं आहे, कोणत्या घरात सासू गप्प असते पण भांडी आपटतात, हे सगळं मला पाठ असतं. त्यामुळे माझा धाकटा भाऊ राघव याच्या मुलासाठी, अभिरामसाठी, अकरावीची शाळा शोधायची वेळ आली तेव्हा मी पदर खोचला. शाळा म्हणजे तरी काय, एक स्थळच. दोन वर्षं नांदायचं, तिथल्या माणसांचे स्वभाव सोसायचे आणि बाहेर पडताना अब्रू शाबूत ठेवायची.

अभिरामबद्दल आधी सांगते. तो जन्मला तेव्हा बारशाला आम्ही मुलीचं नाव ठेवलं होतं. ते कोणतं, हे मी सांगणार नाही. त्याला ते आवडत नाही आणि तुमचं त्यावाचून काही अडत नाही. नववीत असताना एका रविवारी जेवता जेवता त्याने सांगून टाकलं की मी मुलगी नाही, मुलगा आहे, आणि माझं नाव अभिराम. त्याची आई शामला दोन दिवस रडली, मग डोळे पुसून त्याला घेऊन बाड्यावरच्या बाजारात गेली आणि चार शर्ट घेऊन आली. राघव रडला नाही, ओरडलाही नाही. त्याने फक्त मुलाला नावाने हाक मारणं सोडलं. जुनं नाव घेतलं की पोर ताटावरून उठतं, आणि नवं घ्यायला याची जीभ वळत नाही. मग ‘ए, जेवायला ये’, ‘ए, पंखा बंद कर’. रिक्षावाल्यालासुद्धा आपण भैया म्हणतो हो. पोटच्या पोराला वर्षभर नुसतं ‘ए’!

दहावीपर्यंत अभिराम मुलींच्या शाळेत होता. सलवार-कुर्ता, वर पिना टोचून बसवलेली ओढणी. तिथल्या टॉयलेटमध्ये जावं लागू नये म्हणून तो शाळा सुटेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसे. शेवटी व्हायचं तेच झालं. लघवीला जळजळ, ताप, सलाइन. डॉक्टरांनी शामलाला झापलं की मुलांना पाणी पाजायची अक्कल नाही का. तरी पोरगं चांगल्या मार्कांनी पास झालं.

राघव बँकेत आहे. जोखीम दिसली की फाइल बंद करायची, ही त्याची कामाची रीत. निकालाच्या संध्याकाळी त्याने घरातही तेच केलं.

"शाळा नको," तो म्हणाला. "प्राइवेट फॉर्म भरू. घरी बसून बारावी करेल. कोणाला काही सांगायला नको."

अभिराम उठला, आतल्या खोलीत गेला आणि कडी लावून घेतली. त्या कडीच्या आवाजाने मी घाबरले, खरं सांगते. घरात कोंडून ठेवलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. ‘शांत स्वभावाची आहे हो’ म्हणून त्यांचे आईबाप मला सांगतात. ती शांतता कसली असते ते मला ठाऊक आहे.

"घरी कशाला बसवतोस? त्याने कोणाचा खून केलाय?" मी विचारलं.

"ताई, कागदावर एक नाव आणि बोलायचं दुसरं. कौन सा स्कूल मानेगा?"

"मी कुमुद होते," मी म्हटलं. "लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले आणि माझ्या नवऱ्याने अंगठीने त्यात ‘सीमंतिनी’ लिहिलं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. माझ्या मॅट्रिकच्या कागदावर आजही कुमुद आहे. आपल्या आईचं नाव असंच बदललं, तुझ्या बायकोचं तू स्वतः बदललंस. तेव्हा कुठे अडलं होतं?"

"ते वेगळं आहे."

"वेगळं आहेच. याने निदान स्वतः विचार करून ठेवलंय."

शामला ओट्याशी उभी होती, ती फसकन हसली आणि मग कुकरकडे वळली. राघव चिडला. चिडला की तो हिशेबी बोलतो. "सुट्टी संपायच्या आत शाळा मिळाली तर बघू," तो म्हणाला. "नाहीतर मी फॉर्म भरून टाकणार."

तर अशी मी कामाला लागले. स्थळाची चौकशी कशी करायची याचं एक शास्त्र आहे. ज्यांचं स्थळ त्यांना कधी विचारायचं नाही. ते चांगलंच सांगणार. शेजारणीला विचारायचं, दूधवाल्याला विचारायचं, आणि सगळ्यात खरं कळतं ते ज्यांच्याशी बिनसलंय त्यांच्याकडून. आणि आपल्याला काय हवंय ते उघड करायचं नाही. ‘माणसं कशी आहेत, राग किती, ओठांत एक पोटात एक असं तर नाही ना’, एवढंच विचारायचं. मराठी मंडळात हळदीकुंकू असो की गणपतीची आरती, मी हेच विचारत आलेय. फरक इतकाच की या वेळी मी मुख्याध्यापकांबद्दल विचारत होते.

पहिली शाळा हायवेकडची, सगळी काचेची. बाहेर ऊन रटरटत होतं आणि आत थंडीने माझे गुडघे धरले. प्रिन्सिपॉल मॅडमनी आम्हाला सोफ्यावर बसवलं, कॉफी मागवली आणि अभिरामचे दोन्ही हात हातांत घेतले. "यू आर सो ब्रेव्ह, बेटा," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी सांगितलं की असा विद्यार्थी घेणारी आमची शाळा शहरात पहिली ठरेल. असेंब्लीत त्याने स्टेजवर आपली कहाणी सांगावी. एक छोटा व्हिडिओ करू. त्याला बसायला वेगळी स्पेशल रूम देऊ, त्रासच नको. मी तर विरघळलेच. इतकं गोड बोलणारं स्थळ मला बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "हे बघ, देवच पावला."

"आत्या," अभिराम म्हणाला, "इन्होंने एक बार भी नहीं पूछा की मी सब्जेक्ट कोणते घेणार आहे."

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, हे मी जगाला शिकवते. आणि कॉफीच्या एका कपावर स्वतःच भुलले होते.

दुसऱ्या शाळेतले सर सरळ होते. "हमारे यहाँ ऐसा कोई बच्चा नहीं है जी," ते म्हणाले. वर्गात उवा नाहीत असं सांगावं तितक्या अभिमानाने म्हणाले. मी विचारलं, नाही कशावरून? तुम्ही कोणाला विचारलंत? त्यावर त्यांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं आणि आम्ही उठलो.

येताना अभिराम सवारीच्या टेम्पोत खिडकीशी बसला होता. म्हणाला, "रहने दो आत्या. बाबांना सांग, फॉर्म भरून टाका." मी त्याला रागावले.

उरली तिसरी. बाड्याच्या मागच्या गल्लीतली, मराठी मंडळींनी कधीकाळी काढलेली शाळा. आता मुलं बहुतेक हिंदी, पण मुख्याध्यापिका मराठी, नीलम मोरे. चाळिशी ओलांडलेली, एकटी, म्हाताऱ्या आईबरोबर राहणारी. त्यांची चौकशी मी जोरात केली. त्यांच्या शेजारच्या शालिनीताई माझ्या जुन्या ओळखीच्या. त्यांना फोन लावला.

"स्वभावाने कशी आहे हो ही नीलम मोरे?"

"सरळ आहे, पण तोंडाने फटकळ," शालिनीताई म्हणाल्या. "रंग सावळा, पगार चांगला, घर स्वतःचं. आईचं सगळं हिलाच करावं लागतं, ते आधी सांगितलेलं बरं. आणि स्वयंपाक मुळीच येत नाही."

"स्वयंपाक मला काय करायचाय?"

"तेही खरंच. हल्ली बाई ठेवतात."

हे ऐकून माझे कान टवकारायला हवे होते. नाही टवकारले. मी त्यांच्या दूधवाल्याला विचारलं, त्यांच्या इस्त्रीवाल्याला विचारलं, आणि त्यांच्याशी भांडून शाळा सोडलेल्या एका बाईंना घरी बोलावून चहा पाजला. बाई म्हणाल्या, "फार आखडू. कोणाचं ऐकत नाही." मला ते आवडलं. कोणाचं न ऐकणारं माणूसच आता उपयोगाचं होतं. मग मी शाळेत निरोप पाठवला की उद्या सीमंतिनीबाई भेटायला येत आहेत.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत कूलर ट्रकसारखा घरघरत होता. नीलम मॅडम ताठ बसल्या होत्या. चेहऱ्यावर हसू नाही की काही नाही. शिपायाने पाण्याचे ग्लास आणून ठेवले. अभिराम माझ्या शेजारच्या खुर्चीत, हात मांडीखाली घालून बसला.

"मला कल्पना आहे तुम्ही कशाला आलात," मॅडम म्हणाल्या. "सगळ्या लष्कर भागात बोभाटा झालाय."

मी मनात म्हटलं, बरं झालं, अर्धं काम वाचलं. "मग स्पष्टच बोला," मी म्हटलं. "आडपडदा नको."

"स्पष्टच बोलते. मला लग्न करायचं नाही."

माझा आ वासला. कित्येक घरांत मी बसलेय, पण न आणलेल्या स्थळाला नकार पहिल्यांदाच मिळत होता. आणि त्या थांबेनात. बहुतेक बरीच वर्षं साठलेलं होतं.

"लोक मला समजावून राहिले आहेत, अजून थकत नाहीत. माझ्यात काही बिघडलेलं नाही. मी अशीच आहे आणि मला असंच राहायचंय. पण नाही! आज ना उद्या शहाणी होईल, मग चारचौघींसारखी वागेल, म्हणून सगळे वाट बघतात. माझी आई अजून नवस बोलते. आणि तुम्ही तर हद्द केलीत. माझ्या दूधवाल्याला विचारलंत मी रागीट आहे का?" मग त्यांनी अभिरामकडे बोट केलं. "आणि या मुलाला कशाला आणलंत? बिजवराचं स्थळ आहे का? हा त्याचा मुलगा?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि माझ्या शेजारी अभिराम हसायला लागला. आधी नाकातून, मग पोट धरून. वर्षभरात मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या.

"सॉरी मॅडम," तो डोळे पुसत म्हणाला. "स्थळ वगैरे नाही. मला अकरावीला ॲडमिशन पाहिजे. आत्या सगळीकडे अशीच चौकशी करते."

"ॲडमिशन?"

"हो. आणि तुम्ही आत्ता बोललात ना, बिघडलेलं नाही, अशीच आहे, शहाणी होईल म्हणून लोक वाट बघतात… वो सब मेरे साथ भी होता है. मी ट्रान्स आहे. मार्कशीटवर मुलीचं नाव आहे. पण मैं लड़का हूँ. तुम्ही तर मी न सांगताच मला मुलगा म्हणालात."

दोन्ही शाळांत या पोराने तोंड उघडलं नव्हतं. मी त्याच्या वतीने इतकं बोलले होते, घोळून घोळून, वधूपक्षासारखं. आणि हे सगळं त्याने एका दमात सांगितलं.

मॅडमनी पाहुण्यांसाठी आणलेला ग्लास उचलला आणि स्वतःच सगळं पाणी पिऊन टाकलं. मग म्हणाल्या, "सब्जेक्ट कोणते?"

"मॅथ्स."

"मार्कशीट दाखव." त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून वाचली. "सायन्सला कमी पडलेत."

"हो मॅडम."

"मेहनत करावी लागेल. मी कोणाला सूट देत नाही." त्यांनी कागद परत केला. "आता ऐक. बोर्डाच्या कागदावरचं नाव बदलणं आज माझ्या हातात नाही. हजेरी माझ्या हातात आहे. तिथे अभिराम. टॉयलेट या खोलीच्या शेजारचं वापर. त्याची कडी मोडलीये, ती लावून घेते. मुलं त्रास देतील. सगळ्यांना मी रोखीन असं खोटं सांगणार नाही, मला हे सगळं नवीन आहे, माझ्याही चुका होतील. पण माझ्याकडे तक्रार घेऊन आलास तर समजावून तुला परत पाठवणार नाही. ज्याने त्रास दिला त्याला समजावीन."

अभिराम माझ्याकडे वळला. "आत्या, हीच," तो म्हणाला. दुकानात बूट पायात बसल्यावर म्हणतात तसं.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "उद्या वडिलांना घेऊन ये. त्यांच्याशी बोलल्याशिवाय मी प्रवेश देत नाही."

झालं! मी म्हटलं, इथे गाडी अडणार. घरी आल्यावर मी राघवला सगळं सांगितलं, लग्नाचा घोळ तेवढा गाळला. तो शामलाने अभिरामकडून ऐकला आणि हसून हसून तिच्या पोळ्या करपल्या. राघव हसला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने बँकेत अर्धी रजा टाकली.

अभिराम आईच्या स्कूटरवरून पुढे गेला. राघवच्या गाडीवर मागे मी. दाल बाज़ारच्या तोंडाशी हातगाड्यांमध्ये अडकलो तेव्हा तो एकदम म्हणाला, "ताई, तिथे कोणी मारलं तर?"

"कोणाला?"

"त्यालाच. कोपऱ्यात घेऊन मारलं तर? घरी असला तर मला दिसत तरी राहील."

इतके दिवस मला वाटत होतं याला लोकांची लाज आहे. ती होतीच थोडी. पण त्याच्या पाठीवरचा शर्ट घामाने चिकटला होता आणि पाठ लहान मुलासारखी आखडली होती. माझा भाऊ भ्यालेला होता. मी इतकी लग्नं लावली, एकाही मुलीच्या बापाला सुखाची हमी देता आली नाही. "माहीत नाही रे," मी म्हटलं. मागच्या मालाच्या लोडिंग गाडीवाल्याने हॉर्न वाजवला आणि आम्ही पुढे सरकलो.

खोलीत आज आम्ही चौघं. मॅडमनी पेन उघडलं आणि राघवला विचारलं, "मुलाचं नाव?"

राघवने पिशवीतून मार्कशीट काढली.

"कागद मी पाहिलाय. तुमच्या तोंडून सांगा."

"मॅडम, म्हणजे… तुम्हाला तर माहीत आहे… आमचा हा जो…"

"घरच्यांनाच त्याला हाक मारता येत नसेल," मॅडम म्हणाल्या, "तर मी वर्गातल्या मुलांना कोणत्या तोंडाने सांगू?"

राघवने घसा खाकरला. पुढे काही निघेना. शामलाने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. अभिराम बुटांकडे बघत होता आणि त्याचे कान लालबुंद झाले होते. मला राघवचा राग येत होता, एक ठेवून द्यावीशी वाटत होती. तेवढ्यात त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि मला तो चेहरा ओळखू आला. नवी नवरी पंगतीत उभी असते, बायका चहूकडून गलका करतात, आणि नाव ओठावर येऊनही बाहेर पडत नाही. तिला काय नवरा नको असतो? हवा असतो. नुसती लाज असते.

"राघवा," मी म्हटलं, "उखाण्यात घे."

"काय?"

"नाव. नुसतं जमत नसेल तर उखाण्यात घे. आपल्या घरातल्या बायका आजवर तसंच घेत आल्यात. तुला काय सोनं लागलंय?"

"ताई, ये कोई टाइम है?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि हात टेबलावर जुळवले. "घ्या की. मला घाई नाही."

राघवने रुमालाने मान पुसली. शामलाकडे पाहिलं. ती मदतीला आली नाही. मग खिडकीबाहेर नजर लावून, पाढे म्हणावेत तसा तो म्हणाला,

"बाड्यावरची गजक गोड, किल्ल्यावरचा गार वारा,
अभिरामचं नाव घेतो, ॲडमिशन द्या जरा."

जूनमध्ये किल्ल्यावर गार वारा! माणूस भाजून निघतो तिथे. इतका भिकार उखाणा मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता, आणि ऐकले काय कमी आहेत का! तरी माझ्या डोळ्यांना धार लागली ती थांबेना. शामला तर उघड उघड रडत होती. मॅडम चष्मा पुसायला लागल्या, आणि तो तर स्वच्छच होता.

अभिरामने मान वर केली होती. "बाबा," तो म्हणाला, "एक बार और."

"उखाणा?"

"नाही. नुसतं."

राघवने खिडकीवरून नजर काढली, त्याच्याकडे वळला आणि म्हणाला, "अभिराम." मॅडमनी पेन उचललं आणि लिहून घेतलं.